कोयंड्यातली काडी

२१ जानेवारी २००७, रविवार

आज सकाळी मी एका परक्या दारासमोर पंधरा मिनिटं उभा होतो.

पहाटेपासून धुकं होतं. शिवांगी आणि सिद्धेश रविवारी उशिरा उठतात. माझी आंघोळ झाली, देवाचं झालं, मग कोट आणि कानटोपी चढवून फेरीला निघालो. अमेरिकेतल्या पिस्कॅटवेची ही वसाहत म्हणजे एकाच साच्यातून काढलेल्या चाळीसेक दुमजली इमारती. विटा त्याच, जिने तेच, पांढरी दारं तीच. धुक्यात सगळं पाण्याखाली बुडाल्यासारखं दिसत होतं. नाम घेत चालत राहिलो, किती चाललो ते कळलं नाही. परत आलो, जिना चढलो, किल्ली लावली. फिरेना. थंडीने कुलूप आखडलं असेल असं वाटलं. हळूच दार वाजवलं. कुणी आलं नाही. झोपलेत, उठतील, म्हणून तसाच थांबलो. पुन्हा वाजवलं, पुन्हा थांबलो. खिशात माळ होती, तिच्यावर बोटं चालू होती. मनाला इतकं शांत वाटत होतं की दार उघडलं नसतं तरी चाललं असतं.

शेवटी समोरच्या दारातून एक म्हातारी अमेरिकन बाई पेपर उचलायला बाहेर आली. मला पाहून म्हणाली, ते लोक डिसेंबरातच सोडून गेले, घर रिकामं आहे. मग मी नंबर पाहिला. आमची इमारत तिथून तिसरी.

घरी सांगितलं तर सिद्धेशला हसू आवरेना. "मामा, वाचलात! पुढच्या वेळी कुणीतरी कॉप्स बोलावतील. मंकी कॅप घातलेला एक माणूस दाराशी उभा राहून काहीतरी पुटपुटतोय म्हणून."

"गप रे," शिवांगी म्हणाली. ती माझ्या बहिणीची मुलगी, सिद्धेश तिचा नवरा. "मामा, सेल घेऊन जात जा ना. तिथे काउंटरवर नुसता पडलेला असतो."

मलाही हसू आलं. पण एक गोष्ट दिवसभर मनातून जात नाही. महापालिकेत चोवीस वर्षं मी लोकांची दारंच वाजवली. वस्त्यांचं सर्वेक्षण हे माझं काम. त्या कामात एका दारासमोर पंधरा मिनिटं कधी उभा राहिलो नाही. आज राहिलो, ते घर रिकामं निघालं.

२६ जानेवारी, शुक्रवार

विद्यापीठातला आमचा वर्ग छान आहे. भराभर वाढणाऱ्या शहरांतले आम्ही चौदा अधिकारी: नैरोबी, ढाका, मनिला, आणखी कुठले कुठले. चार महिने एकच विषय, गरिबाला परवडेल असं घर शहराने कसं द्यावं.

आज माझी पाळी होती. मी खाणवस्तीचं सांगितलं. आमच्या शहराच्या कडेला दगडाची जुनी खाण आहे, आता तिच्यात पाणी साठलंय, आणि काठाने सहाशे बारा घरं. ती पाडून तिथेच इमारती उभ्या करायच्या. यादीत नाव असेल त्याला इमारतीत घर. यादी आमच्या सर्वेक्षणावरून होते, आणि ते सर्वेक्षण मी आणि माझा सहायक चारुदत्त, दोघांनी तीन दिवसांत पुरं केलं. पाहायच्या राहिलेल्या घरांसाठी 'बाकी' हा रकाना असतो, त्यात शून्य.

प्रोफेसरबाईंनी ते शून्य फळ्यावर मोठं काढलं. म्हणाल्या, बहुतेक शहरांचं घोडं यादीपाशीच अडतं, वर्षानुवर्षं मोजणीच चालते. तुमची पद्धत इतरांनी शिकण्यासारखी आहे. तेरा एप्रिलच्या चर्चासत्रात मी त्यावर निबंध वाचायचा आहे.

बरं वाटलं. गावच्या एकशिक्षकी शाळेत शिकलेला मी, आणि माझं शून्य अमेरिकेच्या फळ्यावर. घरी येऊन देवाला सांगितलं. शिवांगीने देव टॉवेल-चादरींच्या कपाटात वरच्या कप्प्यावर ठेवलेत. जागा तेवढीच आहे, बिचारी काय करणार. सकाळी ते दार उघडण्याआधी मी एकदा बोटाने हलकेच वाजवतो. आपलंच कपाट, आपलेच देव, वाजवायचं कशाला? पण इथे आल्यापासून ही खोड लागली आहे.

४ फेब्रुवारी, रविवार

सकाळी चारुदत्तचा फोन आला.

"साहेब, बर्फ पडला का? फोटो पाठवा की एखादा." मग म्हणाला, "खाणवस्तीची कच्ची यादी लागली. हरकती येतायत, नेहमीचंच. एक बाई मात्र डोकं खातेय. घर नंबर तीनशे सत्तर, हौसाबाई. आपल्या यादीत तिला कुलूप आहे."

घर बंद सापडलं तर आम्ही शेऱ्यात 'कुलूप' लिहितो. कुलूप म्हणजे तिथे कुणी राहत नाही, म्हणजे अपात्र. अशी त्रेचाळीस घरं आहेत.

"मग काय म्हणते?"

"म्हणते, नऊ वर्षं इथेच राहते. मी म्हटलं, बाई, तीन वेळा येऊन गेलो, तीन तारखा आहेत, पंचांच्या सह्या आहेत. तर म्हणते, मोठ्या साहेबांना विचारा, मी कडीला काडी लावून गेले होते. रोज येऊन बसते आणि तेच. काडी, काडी, काडी. थोडी सटकलीय, साहेब."

"असेल," मी म्हणालो.

"तुम्हाला आठवतंय काही?"

"सहाशे घरं होती रे."

"तेच म्हणतो. तीस एप्रिलला पक्की यादी. मेमध्ये डोझर. यादीत नाही त्याला काहीच नाही. तोवर कंटाळेल ती."

काडी म्हणजे काय ते चारुदत्तला कळणार नाही, तो शहरात वाढलेला. आमच्या दुष्काळी भागात बाई पाण्याला गेली, रानात गेली, तर दाराला कुलूप लावत नाही. कडी कोयंड्यात अडकवायची आणि वरून एक काडी खोचायची. म्हणजे, जवळच आहे, येते. काडी हिरवी असेल तर आत्ताच गेली, वाळलेली असेल तर वेळ लागेल. पाव्हणा असो की पोस्टमन, काडी पाहून ओट्यावर बसतो. कुलूप घालणं म्हणजे गाव सोडणं.

हे त्याला सांगणार होतो. पण फोन त्याने केला होता, बिल त्याचं चढत होतं.

१४ फेब्रुवारी, बुधवार

आज आकाशातून बर्फ पडला नाही, पाऊस पडला आणि पडता पडता गोठला. सगळं बंद. सिद्धेश घरीच लॅपटॉप घेऊन बसला.

दुपारी ऊन आलं तेव्हा मी जपून खाली उतरलो. झाडांच्या एकेका काडीला काचेची नळी चढली होती. वारा आला की सगळं झाड किणकिणायचं. गावच्या देवळात आरतीच्या शेवटी झांजा थांबल्यावर हवेत जो आवाज राहायचा, तसा. जिन्याजवळच्या कुंपणातली एक काडी मी मोडून घेतली. हाताच्या उबेने काच वितळली आणि आतून साल निघाली, हिरवी, ओली. किती वेळ पाहत होतो कोण जाणे.

"मामा, आत या, घसराल!" शिवांगी खिडकीतून ओरडली. "काय बघताय एवढं?"

काही नाही म्हणालो.

दुपारी डुलकी लागली. स्वप्नात खाणीचं हिरवं पाणी होतं आणि त्यावर दारं तरंगत होती, नुसती दारं. मी होडीत बसून एकेका दारावर खडूने नंबर घालत होतो. खडू ओला झाल्यामुळे उमटत नव्हता.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

निबंधाची रंगीत तालीम झाली. सगळ्यांना आवडला. प्रोफेसरबाईंनी त्रेचाळीस कुलपांवर बोट ठेवलं. म्हणाल्या, अपात्र घरं वजा झाल्यामुळेच ही योजना शहराला झेपते आहे. मोजणी इतकी काटेकोर नसती तर ती कागदावरच राहिली असती.

मग वांबुईने हात वर केला. ती नैरोबीची, माझ्याच वयाची, माझ्यासारखीच नगरपालिकेत. अंगाने भरलेली, सारखी हसत असते, रविवारी चर्च चुकवत नाही. मला भाऊ म्हणते.

"भाऊ कोळेकर, तुम्ही वस्तीत किती वाजता जायचात?"

"दहा ते एक."

"आणि तिथे पाणी किती वाजता येतं?"

वर्गात हशा पिकला, बाईसुद्धा हसल्या. वांबुईही हसत होती, पण माझ्याकडे पाहत होती. "आमच्याकडे दार बंद असलं की समजायचं बाई पाण्याला गेलीय. म्हणून विचारलं."

"नियमाप्रमाणे आम्ही तीन वेळा गेलो," मी म्हणालो.

माझं इंग्रजी अडखळत येतं. हे वाक्य मात्र एका दमात आलं.

२५ फेब्रुवारी, रविवार

निबंधासाठी सर्वेक्षणाची वही बरोबर आणली आहे. आज तीनशे सत्तरचं पान काढलं. पानात कडुनिंबाची एक काडी आहे, दोन पानं अजून तिला धरून. वाळून तपकिरी झाली आहे. कागदावर तिचा ठसा उमटला आहे, पानांच्या शिरांसकट.

वाऱ्याने पडली असेल वहीत. वस्तीत कडुनिंब पुष्कळ.

वही मिटून ठेवली.

३ मार्च, शनिवार

शिवांगी आणि सिद्धेश घर घेत आहेत. इथून दहा मिनिटांवर. लाकडाचा सांगाडा उभा आहे, जिना अजून बसवलेला नाही. आतून फिरताना भिंती आरपार दिसतात, स्वयंपाकघरात उभं राहून देवघर, देवघरातून आभाळ. शिवांगीने मला खरंच देवघराची जागा दाखवली. "मामा, आता कपाटात नाही हं. प्रॉपर जागा." मी तिथे उभा राहून नमस्कार केला. समोर नुसत्या फळ्या होत्या, पण हात जोडावेसे वाटले.

कर्जाच्या कागदांवर त्यांनी गाडीतच सह्या केल्या. सिद्धेश खुशीत होता. "मामा, इथे कुणी बघायला येत नाही. आपण सांगू ते लिहून घेतात. यार, फोनवर पंधरा मिनिटांत अप्रूव्ह!"

"पण सिद्धेश, आपण लिहिलंय तेवढं उत्पन्न खरंच आपल्या घरात येतं का?" शिवांगीने विचारलं.

"येईल ना. बोनस येईल, प्रमोशन होईल. सगळे असंच करतात गं. अतुलने केलं, रुपालीने केलं. कुणाचं काय अडलं?"

कागद मला चाळायला दिले. नियम वाचणं ही माझी सवय. एका रकान्याचं नाव होतं 'प्रत्यक्ष पाहणी'. त्यात लिहिलं होतं, 'लागू नाही'.

पोरांचं घर होतंय, आणखी काय हवं.

११ मार्च, रविवार

आज इथल्या लोकांनी घड्याळ एक तास पुढे केलं. तो तास कुठे गेला हे कुणालाच ठाऊक नाही आणि कुणी विचारतही नाही. मी माळ घेऊन खिडकीत बसलो होतो, तेवढ्यात चारुदत्तचा फोन.

"साहेब, तुमच्या हौसाबाईची नवी स्टोरी ऐका. म्हणते, साहेबांना त्या दिवशी उपास होता. शेजारणीने भाकरी देऊ केली तर नको म्हणाले, ते मी ऐकलं. म्हणून खालच्या अंगाला शेळीवाल्याकडे दूध आणायला गेले. साहेबांच्या चहाला! म्हणे, साहेब बोलण्यावरून आमच्याकडचेच वाटले. काडी दिसली की थांबतील, अशी खात्री होती." चारुदत्त हसला. "आम्ही ऑफिसात म्हटलं, पिक्चर काढा यावर."

मीही हसलो. तसा आवाज माझ्या तोंडून आला खरा.

"खरंच उपास होता का तुम्हाला?" त्याने विचारलं.

"सोमवार होता," मी म्हणालो.

१२ मार्च, सोमवार

आजही सोमवार. झालं तसं लिहून ठेवतो.

श्रावणातला शेवटचा सोमवार होता. गणपतीच्या आधी काम संपवा असा ऑफिसचा हुकूम होता. संध्याकाळी महादेवाचं दर्शन घेऊन मला उपास सोडायचा होता, म्हणून सकाळपासून मी भराभर चाललो होतो. साडेबाराला तीनशे सत्तरसमोर आलो. अंगण नुकतंच शिंपलेलं. कडी लावलेली. कोयंड्यात कडुनिंबाची काडी, मोडल्या जागी अजून ओली.

चारुदत्त पिशवीतून कॅमेरा काढत होता. बंद घराचा फोटो लागतो. मी पुढे झालो आणि काडी काढून घेतली.

फोटोत ती दिसली असती. वरच्या ऑफिसात आमच्या भागातलं कुणी असतं तर त्याने विचारलं असतं. हा विचार मी तेव्हा केला होता का? आठवत नाही. हात आधी गेला. टाकून द्यायला मन झालं नाही म्हणून वहीत ठेवली. दारावर खडूने 'कु' लिहिलं आणि पुढच्या घराकडे वळलो.

दुसरी भेट आणि तिसरी भेट आम्ही दिलीच नाही. ना तिला, ना बाकीच्या बेचाळीस घरांना. टपरीवर बसून तारखा भरल्या आणि तिथेच पंचांच्या सह्या घेतल्या. ही आमची पद्धत आहे. मी नवा होतो तेव्हा मला अशीच शिकवली, मी चारुदत्तला अशीच शिकवली.

आमच्या शाळेत एकच गुरुजी होते. हजेरीत 'गैरहजर' लिहिण्याआधी ते वर्गाला पाढे म्हणायला लावून स्वतः त्या पोराच्या घरी जाऊन यायचे. कुणी आजारी असायचं, कुणाला बापाने गुरांमागे पाठवलेलं असायचं. परत आले की चपला झटकायचे आणि मग लिहायचे. आम्हाला त्यांच्या घाई न करण्याची गंमत वाटायची.

त्या संध्याकाळी महादेवाला मोठी रांग होती. दीड तास उभा राहिलो. पाय दुखले नाहीत.

१८ मार्च, रविवार

लतिकाला, माझ्या बायकोला, फोनवर सगळं सांगितलं. 

"हे तुम्ही मला सांगताय की विचारताय?"

"विचारतोय."

"चारुदत्तची बायको बाळंतपणाला गेलीय. त्याची सही आहे ना त्या कागदांवर?"

"मी सांगितलं म्हणून त्याने केली, असं लिहीन. ते खरंच आहे."

"आणि आपली क्वार्टर?"

"चौकशी लागली, निलंबन झालं, तर सोडावी लागेल बहुतेक."

"हं." मग म्हणाली, "बघू. माळ्यावरची भांडी तरी आवरायला घेते. नाहीतरी कधीची आवरायची होती."

ती रागावली आहे की नाही, हे लग्नाला तेवीस वर्षं होऊनही मला फोनवर कळत नाही.

२५ मार्च, रविवार

चारुदत्तला मी काडीचा अर्थ सांगितला. तो चिडला. "मग तेव्हाच का नाही बोललात? मी तिला येडी म्हणत बसलो!" थोड्या वेळाने हळू आवाजात म्हणाला, "साहेब, एक करू. तीनशे सत्तरला चौथी भेट दाखवतो. तारीख मागची टाकतो, घर उघडं सापडलं असं लिहितो. बाईचं नाव यादीत जाईल. कुणाला पत्ता लागणार नाही. तुमचं प्रमोशन जवळ आलंय, माझं पोर यायचंय. कशाला उगीच?"

"कर," मी म्हणालो.

किती सोपं होतं. दिवसभर हलकं वाटलं. बाहेर बर्फ वितळतोय, पन्हळीतून थेंब थेंब पडतोय आणि त्याचा ताल जपाला नेमका जुळतो. हौसाबाईला घर मिळेल. देवाने वाट दाखवली म्हणायचं.

१ एप्रिल, रविवार

तेच स्वप्न. हिरवं पाणी, तरंगती दारं. या वेळी मी ती मोजत होतो आणि बेचाळीस भरत होती. प्रत्येक कोयंड्यात काहीतरी खोचलेलं होतं, पण होडी जवळ गेली की दार वळायचं आणि मागची बाजू दिसायची.

उठल्यावर वही काढली आणि एकेक पान उलटलं. बाकीच्या कुलपांच्या पानांत काही नाही. काडी नाही, पान नाही. याचा अर्थ त्या दारांवर काही नव्हतं, असा होतो का? तीनशे सत्तर आठवतं, कारण मी काडी काढली. इतर ठिकाणी काय होतं ते आठवतच नाही. चिंधी असेल, दोरा असेल. कुणी शहरातलं असेल, त्याने खरंच कुलूप लावलं असेल आणि कामाला गेलं असेल. दहा ते एक मध्ये माणसं कामालाच जातात.

देवाने वाट दाखवली असं मी लिहिलं होतं. वाट चारुदत्तने दाखवली होती.

दुपारी त्याला फोन करून सांगितलं, चौथी भेट लिहू नकोस. काही लिहू नकोस. मी लिहितो. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही आम्हाला बुडवणार." मी म्हणालो, "तुझं नाव मी वाचवायचा प्रयत्न करीन, पण खोटं सांगून नाही." त्याने फोन ठेवला. तेव्हापासून उचलत नाही.

६ एप्रिल, शुक्रवार

चार पानं झाली. मराठीतच लिहिलं, आयुक्तांच्या नावाने आणि सुनावणी अधिकाऱ्यांना प्रत. लिहायला सोपं गेलं नाही. 'अनवधानाने' हा शब्द तीनदा लिहिला आणि तीनदा खोडला. शेवटी साधं लिहिलं: भेटी दिल्या नाहीत, तारखा बसून भरल्या, पद्धत मी शिकवली. त्रेचाळीसही घरांची पाहणी पुन्हा व्हावी, सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी. तीनशे सत्तरच्या दारावर माणूस जवळ असल्याची खूण होती, ती मी ओळखली आणि काढून घेतली.

काडी म्हणजे काय, हे समजावायला एक परिच्छेद लागला. आमच्याकडे ते दोन वर्षांच्या पोराला कळतं.

१३ एप्रिल, शुक्रवार

निबंध वाचला. 'बाकी' या रकान्यात शून्याच्या जागी त्रेचाळीस लिहिलं आणि का लिहिलं ते सांगितलं. सभागृहात कुणी हसलं नाही. 

प्रोफेसरबाई रागावल्या नाहीत. चष्मा काढून पुसत राहिल्या. "मग ही आदर्श पद्धत म्हणून छापता येणार नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

"त्रेचाळीस घरं वाढली तर योजना परवडेल का, याचा विचार केला आहे?"

मी म्हणालो, "बाई, योजना कुणाला परवडायची आहे, हे मला नीट समजलं नाही अजून." मला खरंच तसंच विचारायचं होतं. त्यांना ते उत्तर वाटलं असावं, त्यांनी पुढच्या वक्त्याला बोलावलं.

बाहेर वांबुईने माझा हात दोन्ही हातांत धरला. "भाऊ, घरी गेल्यावर मलाही माझ्या वह्या उघडाव्या लागतील आता. फार वाईट माणूस आहेस तू." आणि नेहमीसारखी हसली.

मन अजूनही डगमगतं. निबंध इथे वाचला, इथल्या भिंतींनी ऐकला. पाकीट अजून टेबलावर आहे. पाच दिवसांत तिकडे पोहोचतं म्हणे. वही उघडून मी ती काडी पाहतो आणि वही मिटतो.

१७ एप्रिल, मंगळवार

दोन दिवस इतका पाऊस झाला की खालच्या भागात रस्त्यांवर होड्या फिरल्या म्हणे. आज उघडलं. सगळीकडे तपकिरी पाणी आणि त्यात आभाळ.

सकाळी कपाट वाजवलं, देवाचं केलं. शिवांगी गाडीतून मला बँकेत घेऊन गेली. तिथे एका बाईंनी माझी सही साक्षांकित केली. मजकूर मराठीत, त्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. मी मीच आहे ना, एवढंच त्या पासपोर्टशी ताडून पाहत होत्या. पुन्हा पुन्हा फोटोकडे आणि माझ्याकडे पाहिलं. मग शिक्का मारला.

वहीतल्या पानाची झेरॉक्स जोडली. काडीचा ठसा तिच्यात उमटला आहे, फिकट, पण शिरा दिसतात. खरी काडी वहीतच ठेवली. ती मी स्वतः घेऊन जाईन.

गाडीत शिवांगीने विचारलं, "मामा, तुम्ही घाबरलात का?"

"हो."

"मग जरा थांबायचं ना. तिकडे गेल्यावर बघा."

"तिकडे गेलो की कुणीतरी मला समजावेल, बेटा. मी समजून घेईन."

तिने गाडी सिग्नलला थांबवली. "आम्ही त्या फॉर्मवर जे लिहिलंय ना," ती म्हणाली, आणि पुढे बोलली नाही. मीही विचारलं नाही. सिग्नल हिरवा झाला होता.

पोस्टात रांग दाराबाहेर आली होती. कर भरायचा आज शेवटचा दिवस, सगळ्यांच्या हातात पाकिटं. शिवांगी म्हणाली, मी उभी राहते, तुम्ही बसा. नको म्हणालो. खिशात माळ होती. रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती, आणि मला त्या पहिल्या धुक्यातल्या सकाळसारखंच वाटत होतं. तेव्हा दार रिकाम्या घराचं होतं.

खिडकीमागच्या बाईंनी पाकीट वजनकाट्यावर ठेवलं. आत काही फुटण्यासारखं, सांडण्यासारखं, नाशवंत? त्या प्रत्येकाला हेच विचारत होत्या.

"नाही," मी म्हणालो. "कागद आहेत."

त्यांनी शिक्का मारला आणि न पाहता पाकीट मागच्या टोपलीत टाकलं. आणखी काही हवंय का, म्हणाल्या. मी मान हलवली. तरी क्षणभर तिथेच उभा राहिलो, टोपलीकडे पाहत. मागच्या माणसाने घाई केली नाही.